माटोळीपर्यंत हात पोचेल का?

पत्र

ताई, नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ५३. दिवाळीच्या सुमाराला डावा खांदा दुखायला लागला. वाटलं, घर झाडताना लचक भरली असेल. आता शिगमो होऊन गेला तरी हात खांद्याच्या वर जात नाही. पोलक्याचे हुक लावणं, केसांत अबोलीची फाती माळणं, कदंबच्या बसमध्ये वरचा दांडा धरणं, सगळं बंद झालंय. रात्री त्या कुशीवर वळले की जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. सहा वर्षं मधुमेहाच्या गोळ्या घेते. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो चांगला आला. ते 'फ्रोझन शोल्डर' म्हणाले आणि इंजेक्शन सुचवलं. मी घाबरून नको म्हटलं. मग एका हाडं बसवणाऱ्याकडे गेले. त्याने हात धरून असा झटका दिला की त्या दिवसापासून दुखणं दुप्पट झालं. सासूबाई म्हणतात तेल लाव, शेजारीण म्हणते फेणी चोळ, मुलगा मोबाइलवरचे व्यायाम दाखवतो. मला गोळ्या-सुया नकोत. घरच्या घरी, नैसर्गिक उपायांनी हे बरं होईल का? आणि गणपतीच्या वर टांगायची फळा-नारळांची आमची माटोळी लग्न होऊन आल्यापासून मीच बांधते. चवथीपर्यंत हात वर जाईल का?

उत्तर

वहिनी, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं तुम्ही त्याच्यासाठी विचारलंय हे दिसतंच आहे. चवथीला अजून पाचेक महिने आहेत. तोपर्यंत रात्रीची झोप बहुतेक परत आलेली असेल. पण स्टुलावर चढून माटोळीच्या पट्ट्यांना नारळ बांधण्याइतका हात वर जाईल, असं वचन मी देणार नाही. देणारे पुष्कळ भेटतील. एक तर तुम्हाला भेटून गेलाच आहे.

आता हे दुखणं नक्की काय आहे ते पाहू. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर टेकवलेलं लिंबू. इतकी उथळ जागा असल्यामुळेच हात चारी दिशांना फिरतो. त्या लिंबाभोवती एक पातळ, मऊ पिशवी असते. पोलकं शिवताना काखेत थोडं जास्तीचं कापड सोडतात ना, हात वर करताना ओढ बसू नये म्हणून? तशीच या पिशवीलाही काखेच्या बाजूला सैल चुण असते. फ्रोझन शोल्डरमध्ये ही पिशवी आधी सुजते, मग जाड होते आणि आखडते. पहिल्याच धुण्यात आटलेल्या पोलक्यात हात घालून पाहा, नेमकं काय होतं ते कळेल. एक्स-रेत हाडं दिसतात, ही पिशवी दिसत नाही. म्हणून तुमचा एक्स-रे चांगला आला. 'काहीच नाही' असा त्याचा अर्थ नव्हे.

हे दुखणं साधारण चाळिशी ते साठीतलं, आणि बायकांना अधिक. जपानी लोक तर याला सरळ 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या शल्यविशारदाने १९३४ साली दिलं, आणि देताना कबूल केलं की या दुखण्याची व्याख्या करणं अवघड, उपचार करणं अवघड आणि ते का होतं हे सांगणंही अवघड. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'अवबाहुक' म्हणून वर्णन आहे ते याच्या पुष्कळ जवळ जातं: खांद्यात ठाण मांडलेला वात तिथले बंध सुकवतो आणि शिरा आखडतो. इतक्या जुन्या काळापासून माणसं या खांद्याशी झगडतायत. तेव्हा तुम्ही घर झाडताना काही चुकलात, ही रुखरुख मनातून काढून टाका. पंख्याखाली झोपल्यानेही हे होत नाही.

याचे तीन टप्पे असतात. पहिला दुखण्याचा, साधारण दोन ते नऊ महिने. यात रात्र वैरीण होते आणि हात हळूहळू आखडत जातो. दुसरा आखडलेपणाचा, चार ते बारा महिने. दुखणं ओसरतं, पण हात अडकलेलाच राहतो. तिसऱ्यात खांदा सैल होत जातो, त्याला पाच महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कितीही वेळ लागतो. सगळं मिळून बहुतेकांना एक ते तीन वर्षं. वाचून धस्स झालं असेल. पण बहुतेकांचा खांदा कामापुरता नीट होतो, थोडा ताठरपणा काहींना उरतो. एकदा गेलेलं दुखणं त्याच खांद्यात सहसा परत येत नाही. दुसऱ्या खांद्यात काही जणांना येतं, तेही सांगून ठेवते. तुमचं पत्र वाचून वाटतं की तुम्ही पहिल्या टप्प्याच्या उत्तरार्धात आहात.

डॉक्टरांनी निदान केलंच आहे, तरी घरी एक करून पाहा. आरशासमोर उभं राहून दोन्ही कोपर कमरेला चिकटवा, काटकोनात वाकवा आणि पंजे बाहेरच्या बाजूला उघडा, दाराची दोन झडपं उघडावी तसे. फ्रोझन शोल्डरमध्ये दुखरं झडप थोडंसंच उघडतं. मग मुलाला सांगा, तुझ्या हाताने हळूच उघडून बघ. त्यालाही तिथंच अडलं, तर पिशवीच आखडलीय. तुम्हाला जमत नाही पण त्याच्या हाताने सहज जातं, असं झालं तर स्नायूची दोरी फाटल्याची शंका येते, आणि झटका खाल्लेल्या खांद्यात ती शंका मी सोडणार नाही. तसं असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे परत जा आणि झटक्याची गोष्ट न लाजता सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून ती लपवणारे खूप पाहिलेत.

आणि डावा खांदा आहे, त्यात मधुमेह आहे, म्हणून हेही सांगायलाच हवं. चढ चढताना किंवा काम करताना डाव्या खांद्यात-हातात दुखणं उठतं, थांबलं की कमी होतं, सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप, असं कधीही झालं तर ते खांद्याचं धरून बसू नका. १०८ला फोन करा. मधुमेह असलेल्यांत हृदयाचं दुखणं नेहमीच्या वाटेने येईलच असं नाही. ताप, खांद्यावर लाली-गरमपणा, हाताला मुंग्या किंवा पकड ढिली होणं, यातलं काही दिसलं तरी व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

आता साखर. सासूबाईंचं तेल, शेजारणीची फेणी, मुलाचा मोबाइल, सगळं पत्रात आलं, पण साखर शेवटची कधी तपासली ते मात्र आलं नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त आढळलं ते आपल्या गोव्यात, २६.४ टक्के. देशाचं ११.४. आणि मधुमेह असलेल्यांना फ्रोझन शोल्डर इतरांपेक्षा कितीतरी अधिक होतो, बरा व्हायला वेळही जास्त घेतो. रक्तातली जादा साखर सांध्याभोवतीच्या तंतूंना चिकटते आणि ते ताठर होतात. मी पाहिलेल्या काही बायकांचा मधुमेह आधी खांद्याने उघड केला, रक्ताची तपासणी नंतर झाली. थायरॉइडचंही असंच. म्हणून या आठवड्यात दोन तपासण्या करून घ्या: तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी आणि थायरॉइडची टीएसएच. तुम्हाला 'नैसर्गिक' उपाय हवाय ना? मग या खांद्यासाठी जेवणानंतरची अर्ध्या तासाची चाल आणि ताटातलं शीत, म्हणजे भात, थोडं कमी, हा कुठल्याही तेलापेक्षा खोलवर पोचणारा उपाय आहे. नुस्त्याची (माशांची) कडी सोडा असं कोणी म्हणत नाही, कडीबरोबर तीनदा शीत वाढून घेणं सोडा. चालताना डावा हात पोटाशी धरून चालत असाल तर तोही मोकळा सोडा. दुखऱ्या खांद्याची माणसं हात गळ्यात बांधल्यासारखा धरतात, आणि महिनाभरात मान, पाठ, कोपर सगळं कुरकुरायला लागतं.

झटक्याबद्दल बोलायचं तर आधी एक कबुली देते. मी तीसेक वर्षं फिजिओथेरपी केली. त्यातली बरीच वर्षं माझी पद्धतही त्या हाडं बसवणाऱ्यापेक्षा फार वेगळी नव्हती. रुग्णाला निजवायचं, हात धरायचा आणि तो ओरडेपर्यंत वर न्यायचा. ओरडला म्हणजे उपचार लागू पडतोय, असा तेव्हा आमचा समज. मग ५१व्या वर्षी माझाच डावा खांदा धरला. माझ्याच हाताखाली शिकलेल्या एका मुलाने मला माझ्याच पद्धतीने ओढलं, आणि पुढच्या दोन रात्री मी खुर्चीत बसून काढल्या. त्यानंतर मी कोणालाही तसं ओढलं नाही. आधी ज्यांना ओढलं त्यांची आठवण अजून येते.

यावर अभ्यासही झालाय. २००४ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ७७ रुग्णांची दोन वर्षं नोंद ठेवली. एका गटाने दुखण्याच्या मर्यादेत राहून हलक्या हालचाली केल्या, दुसऱ्याला दुखण्यापलीकडे ताणलं. दोन वर्षांनी हलक्या गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत होता, ताणलेल्या गटात ६३ टक्के. सुजलेल्या पिशवीला जितकं चिडवाल तितकी ती जास्त आखडते. भूल देऊन सर्जनने खांदा मोकळा करणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे स्नायू सैल असतात आणि कुठे थांबायचं ते माहीत असतं.

तेव्हा आता घरचे उपाय, रात्रीपासून सुरू करू, कारण झोप नाही तर दिवसभर कसला व्यायाम आणि कसली साखर. उताणं झोपाल तेव्हा डाव्या दंडाखाली आणि कोपराखाली उशी घ्या, इतकी की कोपर खांद्याच्या मागे गादीत रुतणार नाही. खांदा मागे पडला की पुढून पिशवी ताणली जाते, आणि रात्री दोनला जाग येते ती यानेच. उजव्या कुशीवर झोपाल तर छातीशी एक जाड उशी किंवा लोड कवटाळा आणि डावा हात त्यावर पसरून ठेवा. डावी कूस सध्या विसरा. पाठीमागे एक लोड ठेवला तर झोपेत वळायचं टळतं. एवढ्याने पहिल्याच रात्री फरक पडलेला मी खूपदा पाहिलाय.

झोपण्यापूर्वी शेक. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटं. पिशवी नसेल तर मिठागरातलं जाडं मीठ तव्यावर गरम करून सुती कापडात पुरचुंडी बांधा, आपल्या आज्या तेच करायच्या. निगडीचा (निर्गुंडीचा) पाला परसात असेल तर तो वाफवून त्याच पुरचुंडीत घाला, वास छान येतो आणि ऊब टिकते. पण मधुमेहात त्वचेची जाणीव कधी कधी बोथट होते, म्हणून पुरचुंडी आधी उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, आणि शेकत झोपी जाऊ नका. भाजलेले खांदे पाहिलेत, म्हणून सांगते. झटक्यानंतर किंवा जास्त कामानंतर खांदा ठणकत असेल तर त्या दिवशी उलट गार करा, फ्रिजमधला बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं.

तेलाबद्दल सासूबाईंना दुखवू नका, लावून घ्या. खोबरेल, तिळाचं, महानारायण, जे घरात असेल ते कोमट करून. फक्त अपेक्षा बेताची ठेवा. तेल त्या पिशवीपर्यंत पोचत नाही. खांदा सांभाळायला मान आणि पाठीवरच्या फावड्याच्या हाडाभोवतीचे स्नायू रात्रंदिवस ताठ राहिलेले असतात, ते मात्र चोळण्याने सैल होतात. म्हणून हात खांद्याच्या टोकावर कमी आणि मानेपासून पाठीपर्यंत जास्त फिरवायला सांगा. तळव्याने, दहा मिनिटं, अंगठे न रुतवता. सासूबाई चोळतायत आणि सून गप्प पडून आहे, यात दोघींचंही थोडं भलं होतं असं मला उगाच वाटतं.

फेणीने कातडीला ऊब येते, हुळहुळतं, तेवढा वेळ दुखणं मागे पडतं. याहून जास्त काही नाही. चोळायचीच असेल तर वर लगेच शेक देऊ नका, त्वचा भाजते, आणि चुलीजवळ तर मुळीच नको. उरलेली बाटली कुठे जाते त्यावर लक्ष ठेवा.

हळद कढीत, भाजीत, दुधात घ्या. हळदीच्या अर्काच्या गोळ्या मात्र मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि बाजारात पुड्या बांधून 'तीन दिवसांत गुण' म्हणून विकतात ते चूर्ण घरात आणूच नका. असल्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं निघतं. तीन दिवसांत गुण येतो तो त्याचा, आणि साखर चढते तीही त्यानेच. आयुर्वेदच करायचा असेल तर शिकलेल्या वैद्याकडे जा. शिरोड्याचं आयुर्वेद महाविद्यालय आहे, पेडण्यात धारगळला २०२२च्या डिसेंबरपासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे. अभ्यंग (तेल चोळणं), स्वेदन (शेकून घाम आणणं), नस्य (नाकात औषध सोडणं) तिथे नीट होतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत हे पहिल्याच भेटीत सांगा.

आता व्यायाम. मोबाइलवरचे पाहिले नाहीत, पण अंदाज आहे: दहा-बारा प्रकार, मागे संगीत, आणि करणारी मुलगी पंचविशीची. तुम्हाला सध्या तीनच पुरेत. नियम एकच. करताना ताण जाणवावा, दहापैकी तीन-चार इतपत दुखलं तर चालेल, आणि थांबल्यावर अर्ध्या तासात ते निवलं पाहिजे. रात्री ठणका वाढला तर आदल्या दिवशी जास्त झालं, दुसऱ्या दिवशी निम्मं करा. सुट्टी घेऊ नका, निम्मं करा. एका वेळी अर्धा तास करण्यापेक्षा पाच-पाच मिनिटं दिवसातून चार वेळा, शेकल्यावर किंवा गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर.

पहिला: बाल्कांवातल्या, म्हणजे ओसरीतल्या, बसायच्या सोप्याच्या पाठीवर किंवा टेबलावर उजवा हात टेकवून पुढे वाका आणि डावा हात विहिरीत सोडलेल्या रिकाम्या कळशीसारखा खाली लोंबू द्या. हात हलवायचा नाही, अंग हलवायचं. अंग डुललं की हात आपोआप पुढे-मागे आणि गोल फिरतो. दहा फेऱ्या या बाजूने, दहा त्या बाजूने. दिसायला पोरखेळ वाटतो, पण दुखऱ्या टप्प्यात सांध्याला वंगण मिळतं ते यानेच. हा कॉडमनचाच म्हणून ओळखला जातो.

दुसरा: उताणं पडा. डावं कोपर कुशीला, मध्ये दुमडलेला टॉवेल. दोन्ही हातांत छत्री आडवी धरा आणि उजव्या हाताने ती ढकलून डावा पंजा बाहेर न्या, तेच झडप उघडायचं. जिथे ताण येतो तिथे पाच ते दहा सेकंद थांबा, श्वास रोखू नका, परत या. दहा वेळा. ही हालचाल सगळ्यात आधी जाते आणि परत यायलाही कुरकुर करते, म्हणून हा व्यायाम कंटाळवाणा असला तरी गाळू नका.

तिसरा भिंतीचा. भिंतीकडे तोंड करून वीतभर अंतरावर उभ्या राहा आणि डाव्या हाताची दोन बोटं भिंतीवर मुंगीसारखी चढवत न्या. खांदा कानाकडे उचलला जायला लागला की थांबा, ती फसवणूक आहे, हात वर जात नसतो, पाठच वर सरकते. जिथे बोटं पोचली तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारून तारीख लिहा. रोज नको, दर रविवारी. रोज मोजणाऱ्या बाया रोज रडतात. खांदा आठवड्याला एखाद्या बोटाच्या पेऱ्याएवढाही सरकत नाही, मधल्या काही आठवड्यांत तर मुळीच नाही. पण दोन महिन्यांनी रेघा बघितल्या की कळतं.

पाठीमागे टॉवेल धरून हात वर ओढायचा व्यायाम मोबाइलवर नक्की असेल. तो आत्ता नको. रात्रीचं दुखणं गेल्यावर, दुसऱ्या टप्प्यात. पोलक्याचे हुक मागे असतील तर तोपर्यंत पुढून हुकाची दोन-तीन पोलकी शिवून घ्या. कपडे घालताना आधी दुखरा हात बाहीत, काढताना तो सगळ्यात शेवटी. फाती माळताना कोपर टेबलावर टेकवून मान हाताकडे आणा, हात मानेकडे नको.

घरातलं काम सोडू नका, फक्त खांद्याच्या वरचं आणि झटक्याचं सोडा. पीठ मळणं, चपात्या लाटणं, आदोळीवर बसून नारळ खवणं, लादी पुसणं चालेल, खांद्याला बरंच आहे. विहिरीचं पाणी ओढणं, स्कूटर मेन स्टँडवर चढवणं, माळ्यावरचा डबा काढणं, धावत्या बसला डाव्या हाताने लोंबकळणं नको. कपडे वाळत घालायची दोरी मुलाकडून छातीइतकी खाली बांधून घ्या. बसमध्ये उजव्या हाताने पुढच्या सीटची कड धरा, आणि कंडक्टर 'फुडें वच गो' म्हणाला तरी बसायला जागा मिळेपर्यंत वरच्या दांड्याच्या मोहात पडू नका.

राहिलं इंजेक्शन. इथे माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. सुई घेणं म्हणजे नैसर्गिक उपचारांचा पराभव, असं मला वाटत नाही. सांध्यात दिलेलं स्टेरॉइड सूज कमी करतं आणि ते उपयोगी पडतं ते याच, दुखऱ्या टप्प्यात. त्याचा गुण काही आठवडे टिकतो, तेवढ्यात झोप होते आणि व्यायाम करता येतो. हात मोकळा होतो तो व्यायामाने आणि वेळेने. एक मात्र खरं, इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते. म्हणून एचबीए१सी हातात आल्यावर डॉक्टरांशी बोला, आणि घेतलंत तर पुढचे काही दिवस रोज साखर तपासा. मी सांगितलेल्या उशांनी आणि शेकाने तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही, तर मी तुमच्या जागी असते तर घेतलं असतं. मी घेतलं होतं. शस्त्रक्रियेचा विषय कोणी काढला तर घाई करू नका. ब्रिटनमधल्या ३५ इस्पितळांतल्या ५०३ रुग्णांवरच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भूल देऊन हात मोकळा करणं, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी, या तिन्हींत वर्षभरानंतर फार मोठा फरक दिसला नव्हता.

दुखण्याच्या गोळ्या रोज मनाने घेत असाल तर थांबा, मधुमेहात त्या मूत्रपिंडाला जड जातात. आणि महिन्यातून एकदा तरी फिजिओथेरपिस्टच्या नजरेखालून जा. डिचोलीहून म्हापशाचं जिल्हा इस्पितळ काही लांब नाही, नाहीतर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज. हात धरल्या धरल्या ओढायला लागला तर माझी गोष्ट सांगा.

आता माटोळी. यंदा स्टुलावर मुलाला चढवा. तुम्ही खाली पाटावर बसा आणि कांगणं, घागऱ्या, तोरिंग, सुपारीचे घोस, सगळ्यांना दोरे बांधून एकेक त्याच्या हातात द्या. कुठला घोस कुठे लटकवायचा ते तुम्हालाच माहीत आहे, त्याला नाही. यंदा नाहीतरी त्याला शिकवायचं होतंच. फुगडीला उभ्या राहिलात तर साध्या फेरात फिरा, हात धरून गरगर फिरणारी नको, समोरची बाई वजन टाकते आणि खांदा तिथे ओढला जातो.

चवथीच्या आधी घर रंगवायला काढाल. रंगारी भिंतीला ब्रश लावण्यापूर्वी पेन्सिलीच्या सगळ्या रेघा तारखांसकट वहीत उतरवून घ्या. शेवटची रेघ पहिलीपेक्षा किती विती वर आहे, ते मला लिहून कळवा.